घडी

आजीचा लग्नातला डाळिंबी शालू यंदा कपाटाच्या तळातून बाहेर काढला, तेव्हा माझी नजर आधी पानशेतच्या डागाकडे गेली, कारण आमच्या घरात त्या शालूची ओळखच त्या डागावरून सांगितली जात असे. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, त्या दिवशी तीन वर्षांपूर्वी घेतलेला हा बनारसी शालू नारायण पेठेतल्या तळमजल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होता. पाणी ओसरल्यावर आजीने तो गाळातून काढला, चांगले पाणी मिळाले तेव्हा खळबळून सावलीत वाळवला, आणि पदराच्या एका अंगाला वाकडीतिकडी तपकिरी रेघ कायमची उरली.

ती रेघ घालवायची, एवढाच माझा बेत होता. ज्या लाँड्रीत तो आधी नेला, तिथल्या माणसाने शालू उलगडण्यापूर्वीच पावतीवर ‘जबाबदारी आमची नाही’ असा शिक्का उमटवला, म्हणून मी तो तसाच परत आणला. रिठ्याच्या पाण्याचा विचार होता, परंतु ओला पांढरा रुमाल आतल्या टोकावर क्षणभर दाबला, तर तो गुलाबी झाला. म्हणजे पाण्यात घातला असता, तर डाळिंबी रंग जरीच्या बुट्ट्यांमध्ये उतरला असता. शेवटी डासांची जाळी वर पसरून, व्हॅक्यूम क्लीनर अगदी मंद ठेवून, वीतभर वीतभर सरकत धूळ तेवढी ओढून घेतली. त्यातच एक दुपार गेली.

जर काळवंडली होती. शेजारच्या काकूंनी चिंच सुचवली आणि तांब्यापितळेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते हे खरे, मात्र ती घासायला गेले की काळिम्याबरोबर ते सोनेही निघून जाते. मी चिंच आमटीत घातली.

मग रविवार पेठेतल्या एका वयस्क रफूवाल्यांकडे गेले. त्यांनी डागाकडे पाहिलेसुद्धा नाही. शालू खिडकीच्या उजेडासमोर धरून त्यांनी मला जवळ बोलावले, तेव्हा आडव्या-उभ्या सरळ रेघांमधून उजेड आरपार येताना दिसला. तिथे रेशीम विरून तुटले होते आणि नुसत्या जरीच्या आधाराने कापड कसेबसे उभे होते. “ताई, पुराने काही नाही केलं,” ते म्हणाले, “घडीने खाल्लाय.”

आजीची घडी आमच्या नात्यात प्रसिद्ध होती. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, तळहाताने दाबून, वर्षानुवर्षे नेमक्या त्याच मोडीवर. दर घडीत एक डांबरगोळीही, जी जरीला थेट लागू देऊ नये, हे तिला कुणी सांगितले नव्हते. धांदरट सुनेने शालू कसाही कोंबला असता, तर मोड दर वेळी वेगळी पडून तो कदाचित अधिक टिकला असता, हे आजीसमोर बोलण्याची माझी छाती झाली नसती.

रफूवाल्यांनी विरलेल्या भागांमागे त्याच रंगाचे पातळ रेशीम लावून बारीक टाक्यांनी धरले, आणि जिथे अगदी भोक होते तिथे शालूच्याच आतल्या टोकाचे धागे काढून भरले. डागाला हात लावला नाही. साठ वर्षांहून जुना डाग काढायला जे लागेल, त्यात रेशीमही जाईल, असे त्यांचे मत पडले आणि मी ते मानले.

आता घडी घालायचीच नाही, म्हणून लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडवाल्याकडून ताग्याचा रिकामा पुठ्ठ्याचा नळा मागून आणला, त्यावर धुतलेली मलमल गुंडाळली आणि तिच्यावर शालू. ही गुंडाळी आमच्या एकाही कपाटात मावत नाही. दिवाणाच्या पोटात तिरकी ठेवली आहे, आणि पाहुणे तिथे बसले की आई त्यांना हळूच खुर्चीवर बसायला सांगते.