बडोद्याची ट्यूब आणि तिचं टोपण

बडोद्यात लक्ष्मी विलास, सयाजीबाग, सेव-उसळ सगळं उरकलं. गर्दी होती, ऊन होतं, तर्री झणझणीत होती. पण मी गेलो होतो दांडिया बाजारातल्या एका मराठी घरी, टूथपेस्टची ट्यूब बघायला.

अडीच फुटांची, रेझिनची म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची, शेपटाकडून पिळलेली लाल ट्यूब. सत्तरच्या दशकात फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या भाडेकरूनं ती घडवली आणि थकलेल्या भाड्यापोटी ठेवून गेला. पॉप आर्ट म्हणजे बाजारातल्या रोजच्या वस्तूंची आणि चित्रांची कला; तिच्यातल्या अशा जुन्या शिल्पांचं मला वेड आहे. चित्रकार भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून याच गावात आले. पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि बाजारात मिळणारी देवांची छापील चित्रं कापून त्यांची कोलाजं करायचे. अशा गावात एखाद्या पोराला ट्यूब घडवावीशी वाटली तर नवल काय!

व्हॉट्सॅपवरच्या फोटोत ती छान विटलेली होती. कोपऱ्याला टवका उडालेला, आतून रेझिनला बळकटी देणारी काचतंतूंची जाळी डोकावत होती. खरं जुनं काम असं ओळखता येतं. घरात शिरलो तर दिवाणावर नवी कोरी मारुती बसलेली! टवका लांबी भरून बुजवलेला, वर गाडीचा लाल रंग, त्यावर लॅकर.

"गॅरेजवाल्याकडून करून घेतली," मुलगा म्हणाला. "मुंबईचे पाहुणे येणार म्हणून."

"एकदम नवी दिसते ने?" काकू म्हणाल्या आणि लीलो चिवड्याची बशी पुढे केली. आता अशा माणसांवर चिडायचं कसं? मी चिवडा खात मनातल्या मनात चिडलो.

पॉलिएस्टर रेझिन ऊन खाऊन पिवळं पडतं. बऱ्याच जुन्या कामांत रंग वरून फासलेला नसतो, जेलकोटमध्येच, म्हणजे रेझिनच्या सगळ्यात वरच्या थरातच घोटलेला असतो. पॉलिश पेपर मारला की रंगही गेला आणि पन्नास वर्षंही. शिवाय या वस्तू करणं काही सुखाचं नव्हतं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी पडला तर काम चिकट राहतं, जास्त झाला तर तापून तडकतं, आणि रेझिनमधल्या स्टायरिनचा वास डोक्यात जातो. ‘नाना’ नावाच्या गुबगुबीत बायकांचे पुतळे घडवणाऱ्या शिल्पकार निकी द सँ फालची फुफ्फुसं पॉलिएस्टरच्या वाफांनी कायमची बिघडली. इथला तो भाडेकरू मागच्या खोलीत खिडकी लावून काम करायचा म्हणे. त्याच्या त्या मेहनतीवर फक्त दीड हजारात स्प्रे मारून घेतला होता!

काकांनी किंमतही रंगासकट वाढवून सांगितली. मी पाणी मागितलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा दाराला टेकवलेलं काहीतरी दिसलं: वाटीएवढं, आठ खाचांचं, लोण्यासारखं पिवळं. ट्यूबचं टोपण! मूळ पांढरं. उलटं करून पाहिलं तर आत काचतंतू उघडे, हार्डनर जास्त झाल्याचा बारीक तडा, आणि रेझिन ओलं असताना उमटलेला अंगठ्याचा ठसा. याला गॅरेजवाल्याचा हात लागला नव्हता, कारण ते दार अडवायला लागत होतं.

ट्यूब राहू द्या, हे द्या, म्हटलं. काका बघतच राहिले. काकूंनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, पण म्हणाल्या, "जायच्या आधी दाराला एक वीट आणून द्या हं, वाऱ्यानं आपटतं."

दुपारच्या उन्हात रावपुऱ्यापर्यंत वीट शोधत फिरलो.