गोळ्या अजून चालूच?

"आता किती छान दिसतेस गे! मग त्या गोळ्या अजून चालूच?"

बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, पालकसभा संपल्यावर, कुणी ना कुणी हे विचारतंच. विचारणाऱ्यांच्या मनात माझं भलंच असतं. रस्त्यात उभ्या-उभ्या मी "हो, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणते आणि निघते. पण ते उत्तर अपुरं आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात चढतं तर कधी नैराश्यात बुडतं, असा आजार. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी सून म्हणून आले आणि गेली अठरा वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझा आजार सुरू झाला तो बरं वाटण्यानं. अगदी खूप बरं वाटण्यानं.

पौषात आमच्या मांडावर धालो असतात. बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग गाणं म्हणते, दुसरी ते उचलते, आणि मागे-पुढे पावलं टाकत रात्र सरते. त्या वर्षी मी एकही रात्र चुकवली नाही. पहाटे घरी यायचं, तासभर पडायचं, डबे करायचे, शाळा गाठायची. थकवा कसला तो नाहीच. उलट वर्गात मी इतकी सुरेख शिकवत होते की मुलं घंटा झाली तरी उठत नसत. निदान मला तसं दिसत होतं. शेवटच्या रात्री काही बायकांवर रंभा येते. धालो संपले, मांड रिकामा झाला, तरी माझं गाणं थांबेना, तेव्हा घरच्यांना वाटलं, रंभा माझ्या अंगातून उतरलीच नाही. देवळात प्रसाद लावून, म्हणजे देवाला कौल विचारून झाला. त्यात त्यांचं काय चुकलं? माझ्या सासूबाईंनी जे आयुष्यभर पाहिलं होतं, त्यातूनच त्या मला समजून घेऊ बघत होत्या.

ओळखलं ते माझ्या जावेनं. पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून ती आली. मी माळ्यावरची सगळी तांब्याची भांडी खाली काढली होती आणि चिंच लावून घासत बसले होते. हंडे, घागरी, देवाच्या पूजेतली तबकं. बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांत चिंच भरली होती, आणि मला काही कळत नव्हतं. तिनं माझा हात धरून पाण्याखाली नेला आणि विचारलं, "वहिनी, कितवी रात्र ही?"

"नववी. मला झोपेची गरजच उरली नाही गे."

हे वाक्य तिनं पुढे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. निद्रानाशाचा माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो, मी तर चढत होते. याला मेनिया म्हणतात. ही अवस्था आठवडाभर किंवा जास्त टिकली, किंवा रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली, तर ते निदान ठरतं. तीच गोष्ट सौम्य असेल आणि किमान चार दिवस टिकली तर हायपोमेनिया. बाहेरच्यांना ते आजारपण वाटतच नाही, "काय उत्साह!" म्हणून कौतुकच होतं.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी पडून होते. आषाढात केस विंचरायला हात उचलत नव्हता. हजेरीपट उघडून मुलांच्या नावांकडे नुसती बघत बसायचे. आपण नसलो तर घरच्यांचं ओझं उतरेल, असा विचार त्या दिवसांत रोज यायचा. तो विचार माझा नव्हता, आजाराचा होता, हे मला फार उशिरा कळलं. (असा विचार आज कुणाच्या मनात असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो. लावा.) तेव्हा एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनी विचारलं होतं, याआधी कधी फार उत्साहाचे दिवस आले होते का? मी नाही म्हटलं. लग्नाआधी असे दोन महिने येऊन गेले होते, पण ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस म्हणून मी जपून ठेवले होते. सुंदर दिवस डॉक्टरांना कोण सांगतं? बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर कधीकधी माणूस थेट मेनियात जातो. म्हणून घरात कुणाला नैराश्य असेल, तर डॉक्टरांना चांगल्या दिवसांबद्दलही सांगा. घरच्यांनी सांगा, कारण रुग्णाला ते सुचणार नाही.

आता गोळीकडे येते. मी लिथियम घेते. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी मेनियावर ते वापरून दाखवलं, आणि इतक्या वर्षांनंतरही ते मागे पडलेलं नाही. खनिजातून मिळणारं साधं क्षार आहे ते. पण साधं म्हणून बेफिकिरी चालत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या मध्ये ठेवावं लागतं. कमी झालं तर उपयोग नाही, फार वाढलं तर विषबाधा. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ते लिथियम धरून ठेवतं. म्हणून मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या की मी मीठ घातलेली पेज पिते, तोंडी लावायला तोर, म्हणजे कैरी. अळणी उपास मी सोडले. सासूबाईंनी स्वतः सांगितलं, "देव समजून घेतो." अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःच्या मनानं घेत नाही, त्यानंही प्रमाण वाढतं. हात थोडे कापतात. फळ्यावर लिहिताना दिसतं. मुलांनी विचारलं तर औषधानं होतं म्हणून सांगते, आणि ती पुढच्या ओळीकडे वळतात.

"मधुमेहासारखंच हे, जन्मभर गोळी" असं पुष्कळजण समजावतात. त्या तुलनेनं लाज कमी होते, म्हणून चांगलीच. पण माझ्या प्रश्नाला ती पुरत नाही. साखर वाढली की यंत्रावर आकडा दिसतो, आणि तो वाचणारी बुद्धी शाबूत असते. माझ्या आजारात मोजणारं यंत्रच बिघडतं. "आता मी अगदी बरी आहे, गोळी कशाला" हा विचार मला दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो आजाराची पहिली खूण होता. एकदा मी तो ऐकला, लिथियम एकदम बंद केलं, आणि दोन महिन्यांच्या आत बांबोळीला मानसोपचार संस्थेत दाखल होते. म्हणून तुम्ही प्रेमानं "बरी दिसतेस, मग कशाला?" म्हणता तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो. तुमच्या तोंडून मला माझ्याच आजाराचा आवाज ऐकू येतो.

मी माझ्या बरं वाटण्यावर विसंबत नाही. झोपेवर विसंबते. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या प्रत्येक चौकटीत रात्रीच्या झोपेचे तास लिहिते. सलग दोन रात्री पाचच्या खाली गेल्या तर जाऊ मला न विचारता डॉक्टरांना फोन करते, तसं आमचं ठरलंय. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आपण शुद्धीत असताना आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमता येतो. मी तिचं नाव लिहून दिलंय. नवऱ्याला आधी वाईट वाटलं, मग पटलं.

धालोंना मी अजून जाते. नऊ वाजता निघते. गाणं अर्ध्यावर असतं, शेजारची माझा हात सोडते आणि रांग माझी जागा भरून काढते. जाऊ बॅटरी घेऊन बरोबर येते. कुळागराच्या वाटेवर बराच वेळ गाणं मागून ऐकू येत राहतं. काल साडेनऊला गोळी घेतली. आज बरोबर बारा तासांनी, सकाळी साडेनऊला, लिथियमच्या तपासणीसाठी रक्त द्यायला जायचंय. सकाळची गोळी त्यानंतर.