टिक-टिक

चार दिवस झाले, सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक. इंजिन तापलं की गायब. बायको म्हणते, पाल चुकचुकतेय!

गरम इंजिनात आवाज सापडत नाही, म्हणून काल रात्री गाडी फोंड्याला मेस्त्रींकडेच ठेवली. आज सकाळी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला. "टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) नाही हो." मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यावरची काजळी दाखवली. सांधा बंद ठेवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, गेलेलं. थंड असताना फटीतून धूर फटफटतो, धातू तापून फुगला की फट बुजते. आणि मी शहाणा उगाच ऑइल बदलून बसलो होतो! तो सांधा आवळणारा एक गंजलेला स्टड (बोल्टच तो) काढताना तुटला (खारी हवा, दुसरं काय), त्यातच दुपार गेली.

उद्या सकाळी परत कान लावून ऐकणार.