घड्याळात सूर्य दुपारी तीनला उगवला

पुण्यात १० जानेवारीला सूर्य दुपारी ३ वाजून ८ मिनिटांनी उगवतो. हे माझ्या धाकट्या भावाच्या स्मार्टवॉचचं म्हणणं, आणि त्या म्हणण्यावर ते एकोणीस दिवस ठाम होतं. माझा तोच सूर्योदयाचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर ७ वाजून ६ मिनिटं सांगायचा, फोनवर ७ वाजून ६, टेबलावरच्या जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही ७ वाजून ६. (पंचांगात दोन-तीन मिनिटांचा फरक दिसेल. माझं सूत्र ढोबळ आहे, हवेतलं वक्रीभवन वगैरे त्यात धरलेलं नाही. पण आठ तासांचं वक्रीभवन कुठेच होत नाही.)

भावाने घड्याळ चार दिवसांच्या बोलीवर दिलं होतं. पाचव्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन : "ताई, घड्याळ केव्हा देतेस? माझी पावलं वाया चाललीत." टेकडी चढताना घड्याळ हातात नसेल तर ती चढण हिशेबात धरली जात नाही, असं त्याचं मत.

'पाटी' ही माझी हौसेची प्रोग्रॅमिंगची भाषा, तीच घड्याळावर चालवायची होती. व्हेरिएबल, जर-नाहीतर, लूप, फंक्शन आणि दशांश संख्या, एवढंच तिला येतं. पण ती प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचून चालवत बसत नाही. तिचा कम्पायलर थेट प्रोसेसरचा मशीन कोड बनवतो. याचा मला गर्व आहे, आणि पुढचं सगळं त्या गर्वापायीच झालं असं घरच्यांचं मत. भाषेचे ठरलेले शब्द, म्हणजे कीवर्ड, मराठीत का नाहीत, हे प्रत्येकजण विचारतो. बोटाएवढ्या गोल पडद्यावर देवनागरी टाइप करून बघा, मग बोलू.

फोनवरचं काम दोन शनिवार-रविवारांत उरकलं. अँड्रॉइड १० पासून नव्या ॲपला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिलेली फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येत नाही, त्यामुळे कम्पाइल करून फाइल बनवायची आणि ती चालवायची हा सरळ रस्ता बंद. मी मशीन कोड मेमरीतच लिहिला, मेमरीच्या त्या तुकड्याची (याला पान म्हणतात) लिहिण्याची परवानगी काढून चालवण्याची दिली आणि तिथे उडी मारली. फोन अधूनमधून मेला, कारण फोनमधल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरमध्ये आज्ञांचा कॅश (हाताशी ठेवलेली मेमरी) आणि डेटाचा कॅश वेगळा असतो. ताजा लिहिलेला कोड डेटाच्या बाजूला पडून राहतो आणि प्रोसेसर दुसऱ्या बाजूचं शिळं काहीतरी वाचतो. इंटेलच्या लॅपटॉपवर हे हार्डवेअरच सांभाळतं, म्हणून तिथे कधी कळत नाही. कॅश साफ करण्याची एक ओळ घातली, प्रश्न मिटला. त्या दिवशी मला वाटलं, आता घड्याळ म्हणजे काय, छोटा फोनच.

घड्याळाला यूएसबीचं भोक नसतं. वाय-फायवरून जोडायचं, तर पेअर करताना सहा आकडी कोड आणि एक पोर्ट नंबर येतो, पण नंतर जोडणी करायची ती वेगळ्याच पोर्टवर. तो आधीच्या पडद्यावर लिहिलेला असतो आणि दर वेळी बदलतो. मी पहिली संपूर्ण संध्याकाळ पेअरिंगच्याच पोर्टवर जोडत बसले होते. शिवाय घड्याळ ब्लूटूथने फोनला जोडलेलं असलं की बॅटरी वाचवायला वाय-फाय आपोआप बंद करतं. तेव्हा फोनचं ब्लूटूथ बंद करा, घड्याळ चार्जरवर ठेवा आणि मगच कामाला लागा. एम्युलेटरचा, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली घड्याळाचा, उपयोग नाही. माझ्या लॅपटॉपवरचं एम्युलेटरमधलं घड्याळ आतून इंटेलचंच असतं, आणि त्याच्यावर सूर्य वेळेत उगवतो.

जोडणी झाल्यावर ॲप चढेना. त्या घड्याळाचा प्रोसेसर ६४-बिट जातीचा, माहितीपत्रकात तसं छापलेलंही आहे, पण त्यावरची सिस्टिम ३२-बिट. घड्याळांत हे सर्रास असतं, कारण मेमरी कमी. खरं तर हे पहिल्याच दिवशी घड्याळालाच विचारायला हवं होतं, एका ओळीची कमांड आहे. मी माहितीपत्रकावर विसंबले. तरी घाबरले नाही. ३२-बिट एआरएमचा कोड बनवणारा भाग माझ्याकडे तयार होता, रास्पबेरी पायसाठी लिहिलेला, तीन वर्षं बिनतक्रार चाललेला. तो जोडला, ॲप चढलं, चाचण्या लावल्या.

चाचण्या सगळ्या पास. बेरीज, गुणाकार, लूप, वर्गमूळ. साइन(०.१) बरोबर ०.१०. टॅन(०.१) बरोबर ०.१०. त्या रात्री मी भावाला कळवलं, उद्या घड्याळ घेऊन जा. मग झोपण्यापूर्वी हौस म्हणून सूर्योदयाचा प्रोग्रॅम चालवला आणि ३ वाजून ८ मिनिटं बघितली.

पहिला संशय अर्थातच तारखेवर. मग टाइमझोनवर. घड्याळ स्वतःला लंडनमध्ये समजत असेल, म्हणून साडेपाच तासांचा फरक लावून बघितला, जमेना. रेखांशाचं चिन्ह उलटं झालं असेल, जमेना. असे पाच दिवस गेले. गणिताच्या फंक्शनांकडे मी वळलेच नाही, कारण त्यांची चाचणी पास झाली होती ना! सहाव्या दिवशी कंटाळून कोसाइन(०) छापला. उत्तर आलं शून्य.

कोसाइन शून्य म्हणजे एक, हे शाळेत पाठ केलेलं. मग साइन(०.५) छापला : ०.५. टॅन(०.५) : ०.५. कोसाइन(०.५) : ०.५. जे द्यावं तेच परत. आणि माझी सुंदर चाचणी? साइन(०.१) खरं तर ०.०९९८ असतो आणि टॅन(०.१) ०.१००३. मी दोनच दशांश स्थळं छापत होते, त्यामुळे दोन्ही ०.१० दिसायचे. चाचणीत ०.१ सारखा लहान कोन कधीही घेऊ नका. रेडियनमध्ये मोजलेल्या लहान कोनाचा साइन जवळपास त्या कोनाएवढाच असतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून घेतला.

जे द्यावं तेच परत येतंय म्हणजे फंक्शनला हाक पोचतच नाही, असा मी अर्थ लावला. तो चुकीचा होता आणि मी त्याच्यामागे आठ दिवस घालवले. साइन फंक्शनचा पत्ता छापला तर तो विषम! आज्ञा विषम पत्त्यावर कशी असेल? चोर सापडला म्हणून मी ऑफिसात दोन जणांना सांगूनही टाकलं. पत्त्यातला शेवटचा बिट काढून टाकला, तर ॲप जागच्या जागी कोसळलं. ३२-बिट एआरएममध्ये आज्ञांच्या दोन लिप्या आहेत, साधी आणि आखूड. आखूड लिपीला 'थम्ब' म्हणतात, आणि पुढचा कोड थम्बमध्ये आहे ही खूण त्या शेवटच्या बिटातच असते. विषम पत्ता बरोबर होता, तो 'दुरुस्त' करणारी मी चूक होते. हे उमगायला चार दिवस. उरलेले चार दिवस उडीची आज्ञा, स्टॅकची मांडणी आणि कॅश साफ करण्याची ती एक ओळ पुन्हापुन्हा तपासण्यात. शेवटी सी भाषेत दोन ओळींचं फंक्शन लिहून त्याला 'पाटी'तून हाक मारली. त्याने 'आलो' असं छापलं. हाक पोचत होती!

मग खोट कुठे होती? माझा सगळ्यात मोठा आधार होता प्रिंटएफ. हे छापायचं फंक्शनही साइनसारखंच सी लायब्ररीतलं, म्हणजे सी भाषेच्या तयार फंक्शनांच्या संचातलं, त्यालाही मी ०.५ देत होते, आणि ते इमानदारीत ०.५ छापत होतं. म्हणजे दशांश संख्या पाठवणं बरोबर आहे, असं मी धरून चालले. सतराव्या रात्री त्या दोन ओळींच्या फंक्शनला आणखी एक काम दिलं : तुझ्याकडे आलेली दशांश संख्या मला दाखव. मी ०.५ दिली होती. त्याने दाखवली उणे शून्य, दशांशचिन्ह, त्यानंतर त्रेचाळीस शून्यं आणि मग ४५. बिट उलगडून बघितले तर ती संख्याच नव्हती, मेमरीतला कुठलातरी पत्ता होता. म्हणजे माझी ०.५ तिकडे पोचत नव्हती, आणि तिच्या जागी भलतंच काही उचललं जात होतं. त्या फंक्शनचा मशीन कोड उलगडला आणि पहिल्याच ओळीवर थांबले. ते दशांश संख्या आर० आणि आर१ या रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साध्या कप्प्यांतून, घेत होतं. मी ती दशांशांसाठीच्या डी० मध्ये ठेवत होते.

एकाच प्रोसेसरवर दोन रीती आहेत. रास्पबेरी पायची ३२-बिट सिस्टिम २०१२ पासून 'हार्ड फ्लोट' रीतीने चालते : दशांश संख्या दशांशांच्याच रजिस्टरांत, डी० पासून पुढे. ३२-बिट अँड्रॉइडची रीत 'सॉफ्टएफपी' : गणित दशांशांच्या रजिस्टरांत केलं तरी फंक्शनला संख्या द्यायची ती साध्या रजिस्टरांतून, दोन अर्ध्या तुकड्यांत, आणि उत्तरही तसंच घ्यायचं. दशांश गणिताचं हार्डवेअर नसलेल्या जुन्या एआरएम फोनांच्या काळातली ही पद्धत. ते फोन कधीच गेले, पद्धत राहिली. ६४-बिटमध्ये सगळीकडे एकच रीत आहे, म्हणून फोनवर काहीच बिघडलं नव्हतं.

मी पुढच्या दाराशी डबा ठेवत होते आणि आतली मंडळी मागच्या दाराने देवघेव करत होती. परत येऊन बघावं तर माझाच डबा, झाकणही न उघडलेला. ०.५ च्या बदल्यात ०.५.

वर्गमूळ बरोबर येत होतं, कारण त्यासाठी मी कोणालाच हाक मारत नव्हते, प्रोसेसरची स्वतःची आज्ञा आहे. आणि प्रिंटएफ? त्याच्यावर माझा अजून राग आहे. ज्या फंक्शनला किती गोष्टी द्यायच्या हे ठरलेलं नसतं, त्याला हार्ड फ्लोटमध्येही दशांश संख्या साध्या रजिस्टरांतूनच द्यायच्या असा नियम आहे. म्हणजे प्रिंटएफसाठी दोन्ही रीती सारख्याच. तो नियम तीन वर्षांपूर्वी मीच कम्पायलरमध्ये लिहिला होता, वर टीप टाकून. सगळ्या सी लायब्ररीत दोन्हीकडे बिनचूक चालेल असं जे फंक्शन होतं, नेमकं तेच मी साक्षीदार म्हणून धरलं.

दुरुस्ती तीन ओळींची. दोन ओळींत कम्पायलरला सांगितलं की घड्याळावर प्रत्येक फंक्शन प्रिंटएफच समज, आणि तिसरीत उत्तर आर० व आर१ मधून घे.

पण दुरुस्ती चालवण्याआधी मला त्या ३ वाजून ८ मिनिटांचा हिशेब हवा होता. वीजबिलाच्या मागे सूत्र लिहिलं आणि त्यातले साइन, टॅन, व्यस्त कोसाइन सगळे खोडले, जे द्यावं तेच परत या न्यायाने. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनातलं अंतर) आली ११८.७ अंश, जी साडेतेवीसच्या वर कधी जात नाही. तिला अक्षांशाने गुणलं, दोन्ही रेडियनमध्ये, चिन्ह बदललं : उणे ०.६७. त्याचे अंश उणे ३८.४, तास उणे २ आणि ३३ मिनिटं. पुण्याचा मध्यान्ह सूत्राप्रमाणे १२ वाजून ३५ मिनिटांनी. त्यातून उणे वजा केले. ३ वाजून ८ मिनिटं. मिनिटाचाही फरक नाही. एकोणीस दिवसांत इतकं बरं मला एकदाही वाटलं नव्हतं, आणि नंतर घड्याळाने ७ वाजून ६ मिनिटं दाखवली तेव्हाही नाही.

हे कोणी करणार असेल तर, रास्पबेरी पायवर चालतं म्हणजे अँड्रॉइडवर चालेल असं ३२-बिटमध्ये धरू नका. चाचणीत कोसाइन(०) आधी घ्या. 'दिलेली दशांश संख्या दाखव' हे सी भाषेतलं दोन ओळींचं फंक्शन पहिल्या दिवशी लिहा, सतराव्या नाही. आणि हो, फोनबद्दल सांगायचं राहिलं : मेमरीच्या पानाचा आकार ४०९६ असं कोडमध्ये लिहून ठेवू नका, सिस्टिमला विचारा. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीची पानंही चालतात, आणि तिथे ४०९६ च्या हिशेबाने परवानगी बदलायला गेलात तर ती नाकारली जाते.

रविवारी भाऊ घड्याळ न्यायला आला. मी त्याला सूर्योदय दाखवला. तो म्हणाला, "ताई, सूर्य उगवला की मला टेकडीवर दिसतोच." मी वीजबिल दाखवायला काढलं होतं, ते पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. घाईत वायरलेस डीबगिंग, म्हणजे ती वाय-फायवरची जोडणी, बंद करायचं राहून गेलं. सोमवारी दुपारी घड्याळाची बॅटरी संपली, आणि त्याची त्या दिवशीची पावलंही माझ्याच खात्यावर पडली.