अजून चित्रं बसली असती, मग का नाही लावलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी मांडलेलं चित्रप्रदर्शन बघायला आलेले विचारतात, नातेवाईक विचारतात, एकदा तर विम्याच्या कागदांवर सह्या घ्यायला आलेल्या गृहस्थांनीही विचारलं: "मॅडम, एवढी भिंत मोकळी आहे. अजून आठ-दहा चित्रं सहज बसली असती. मग का नाही लावलीत?" विचारण्यात आपुलकी असते, हे मला कळतं. तिकीट काढून, लोकलचे धक्के खाऊन माणूस येतो, त्याला जास्त बघायला मिळावं असं वाटणारच. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि लागतो तो. चित्रं चित्रकाराची, भिंत संग्रहालयाची, मग तुम्ही नेमकं केलंत काय?

सोपी कारणं आधी सांगते. कागदावरचं काम असेल तर त्यावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नसतो. तैलचित्राला 150-200 चालतो. कागदाचं उजेडानं झालेलं नुकसान भरून येत नाही, ते साचत जातं. म्हणजे जलरंग आणि मोठा तैलरंगातला कॅनव्हास शेजारी शेजारी लावायचे म्हटलं की एकाला अंधार होतो, नाहीतर दुसऱ्याचा बळी जातो. "इथे लाइट गेलेत का?" असं विचारणाऱ्यांना गार्ड बिचारे दिवसभर हेच समजावत असतात. मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा वेगळीच. बाहेरून आलेली पेटी आम्ही आल्या आल्या फोडत नाही, निदान चोवीस तास ती दालनाच्या हवेत तशीच ठेवतो. मग टॉर्च आडवा धरून रंगाचा प्रत्येक पापुद्रा तपासायचा, आधीची भेग कुठली आणि नवी कुठली ते लिहायचं, फोटो काढायचे, सह्या घ्यायच्या. चित्र मालकाच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे टांगलं जाईपर्यंत जबाबदारी आमची.

पण ही कारणं पुढे करून मी सुटू बघते, हेही खरं. कारण उजेड, हवा, विमा सगळं जमून आलं तरी मी भिंत मोकळी ठेवतेच.

त्याचं कारण इमारतीतही असतं. फोर्टातली नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आठवा. 1911 सालचं कावसजी जहांगीर सभागृह, 1996 मध्ये त्याचं संग्रहालय झालं. आत अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक, आणि सगळ्यात वर घुमट. तिथे बघण्याचा क्रम निम्मा जिनाच ठरवतो. घुमटाखाली पोहोचेपर्यंत माणसाचे पाय दुखायला लागलेले असतात, आधीची चित्रं डोक्यात गर्दी करून असतात. तिथे काय ठेवायचं आणि त्याच्या आधी किती दम घेऊ द्यायचा, हा विचार कुणीतरी करायलाच लागतो. आम्ही पुठ्ठ्याचं मॉडेल करतो, चित्रांच्या छोट्या प्रती त्यात चिकटवतो, काढतो, पुन्हा चिकटवतो. प्रत्यक्ष चित्रं आली की फोमच्या ठोकळ्यांवर ठेवून भिंतीला टेकवतो, आणि मॉडेलमधलं निम्मं मोडतं. शेजारी कोण आहे यावर चित्राचा रंग बदलतो. हे मी वाचून शिकले नाही, ते रोज डोळ्यांसमोर होतं. सगळं ठरलं की लेझर लेव्हल लावून जमिनीपासून दीड मीटरवर चित्राचा मध्य धरायचा आणि खिळे ठोकायचे. लोकांना दिसतो तो एवढा शेवटचा भाग.

जेजे कला महाविद्यालयात शिकत होते तेव्हा मी याच्या अगदी उलट बोलायचे. आमच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रं खेटून लावलेली असायची आणि मला ते आवडायचं. सगळं दाखवा, लोक ठरवतील, मधे तुम्ही कोण? हे मी तावातावानं म्हणायचे. त्या मुलीला आज खोडून काढता येतं असं मला वाटत नाही. तिला मी एवढंच सांगेन की सगळं कधीच दाखवता येत नाही. सगळं लावलं तरी मोठं आधी दिसतं, दाराजवळचं आधी दिसतं, चेहरा असलेलं आधी दिसतं. निवड कुणी केली नाही तर ती आपोआप होते. ती म्हणेल, होऊ दे की.

आणि तिच्या हातात चित्रकार नसरीन मोहम्मदींचं उदाहरण आहे. बडोद्यात वर्षानुवर्षं शिकवलेल्या, 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारलेल्या नसरीन. चित्रांना शीर्षकं नाहीत, बहुतेकांवर साल नाही. फोटो काढायच्या, पण हयातीत त्यांनी ते प्रदर्शनात मांडले नाहीत. 2015 मध्ये माद्रिदला राइना सोफिया संग्रहालयात आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांची मोठी प्रदर्शनं झाली, तेव्हा रेखाचित्रांबरोबर फोटोही लागले. मला ते योग्य वाटतं. फोटोतल्या सावल्या आणि वाटा पाहिल्या की त्या रेषा कुठून आल्या असतील ते उमगतं. पण बाईंनी बाजूला ठेवलेलं आपण पुढे आणलं, हेही तितकंच खरं. साल नसलेली चित्रं ओळीनं लावली की ती ओळ हाच एक दावा होतो. बघणाऱ्याला वाटतं, त्यांचा प्रवास असाच झाला.

आता जे सांगायचं मी टाळत आलेय ते सांगते. एका दिवंगत चित्रकाराचं सिंहावलोकनी प्रदर्शन होतं. बरीचशी चित्रं मुलीकडे, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, माळ्यावर जुन्या साड्यांत गुंडाळलेली. एकच चित्र बाहेरच्या खोलीत टांगलेलं: त्यांनी तरुणपणी केलेलं बायकोचं व्यक्तिचित्र. खिडकीपाशी बसून तांदूळ निवडणारी बाई. सुपातले दाणे रंग लावायच्या नाइफच्या टोकानं एकेक ठेवलेले, बोटं मात्र अर्धवट सोडलेली. फार चांगलं चित्र. शेवटच्या काळातल्या आठ मोठ्या अमूर्त कॅनव्हासच्या दालनात, समोरच्या भिंतीवर मी ते एकटं लावलं.

मग दोन दिवस नुसती बघत बसले. गार्ड, इलेक्ट्रिशियन, आमची कार्यालयातली माणसं, जो येई तो त्या चित्रासमोर थांबे आणि मग मागे वळून त्या करड्या कॅनव्हासमध्ये बाई शोधू लागे. आमचे सुतार एका पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही ती खिडकीच ना?" तो करडा रंग कशाचाच राहू नये म्हणून त्या माणसानं आयुष्याची शेवटची वर्षं घालवली होती. एका व्यक्तिचित्रानं आठही चित्रं दुःखाची गोष्ट करून टाकली. मी ते उतरवलं आणि भिंत तशीच मोकळी ठेवली.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आली. दालनभर फिरली, त्या भिंतीपाशी थांबली. "ताई, इथे आई होती ना?"

मी सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "खिडकीच होती ती. आमची. आई गेल्यावर बाबा त्या खिडकीसमोरच बसायचे." मग म्हणाली, "घर घेताना पैसे कमी पडत होते तरी त्यांनी हे चित्र विकलं नव्हतं. आणि तुम्ही एवढी भिंत रिकामी सोडलीत."

मी ते चित्र परत लावलं नाही. वेळ होता, खिळेही जागेवर होते. तिचा शब्द खोटा होता असं नाही. वडिलांना तिनं रोज पाहिलं होतं, मी त्यांना एकदाही भेटले नव्हते. पण त्यांच्या स्वतःच्या टिपणवहीत मी वाचलं होतं की चित्रात कुणी काही ओळखलं तर ते पुन्हा रंगवायला घेत. मुलीची आठवण आणि बापाची वही यांत मी वही धरली. कुठल्या हक्कानं, असं जेजेतली ती मुलगी विचारते. प्रदर्शन कुणालातरी उभं करायचं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं, यापलीकडे मला हक्क सांगता येत नाही.

कॅटलॉगमध्ये त्या चित्राला मी अख्खं पान दिलं होतं. प्रत हातात पडल्यावर तिचा फोन आला. "पुस्तकात चालतं, मग भिंतीवर का नाही?" मी म्हटलं, पुस्तकात पान उलटलं की मागचं झाकलं जातं, दालनात सगळी चित्रं एकदम समोर असतात, एकमेकांवर बोलतात.

"मग बोलू द्यायची होतीत," ती म्हणाली. चित्र आता डोंबिवलीला परत गेलंय. पुढच्या वर्षी हे प्रदर्शन दुसऱ्या शहरात जायचं आहे, दालन लहान आहे, आणि तिची अट आहे की व्यक्तिचित्र लागणार असेल तरच बाकीची चित्रं मिळतील. मी अजून होकार दिलेला नाही.