करड्याशी भांडण

नागपूरच्या उन्हाला मधलं काही ठाऊक नाही. मे महिन्यात बारा वाजता सीताबर्डीच्या रस्त्यावर उभं राहा. अर्धा रस्ता पांढराफटक आणि दुकानाच्या छपराखाली नुसता काळोख. डोळ्यांना दोन्हीकडचं दिसतं, कॅमेऱ्याला दोन्ही झेपत नाही. उन्हातला माणूस ठेवायचा की सावलीतला, हे बटण दाबण्याआधी आपणच ठरवायचं. माझ्या लेखी फोटोग्राफी बरीचशी इथेच होऊन जाते. पुढचं काम बोटाचं.

आता यात कॅमेरा मदत करतो म्हणावं, तर त्याच्या आतल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा हट्ट वेगळाच. दुकानात एक ग्रे कार्ड मिळतं, पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत करणारं. समोर काहीही असो, ते साधारण या कार्डासारखं करडं आहे असं धरून मीटर हिशेब मांडतो. दीक्षाभूमीच्या घुमटाने चौकट भरून टाका, तो शुभ्र घुमट राख फासल्यासारखा येतो. तिथे एक-दीड स्टॉप वाढवून द्यावा लागतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. ऐकायला उलटं वाटतं, आधीच पांढऱ्यावर आणखी प्रकाश कशाला? पण पांढऱ्याला पांढरं राहू द्यायचं तर तेच करावं लागतं. फक्त पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, बघत राहायचं, उजव्या टोकाला जाऊन आदळला की दगडाचा पोत गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला नेमकं उलट. काळी मारबत, म्हणजे मिरवायचा मोठा पुतळा, निघते ती १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून. ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, मागे बडगे नावाचे पुतळे, आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. काळी जवळ आली, चौकट तिने भरली, की मीटर तिलाही करडी करू बघतो. तिथे स्टॉप उतरवायचा. पिवळीच्या वेळी पुन्हा सावध, भडक पिवळ्यात लाल रंगाची पातळी आधी संपते आणि चेहऱ्याचे बारकावे सपाट होतात. एकाच मिरवणुकीत प्रकाश कमी-जास्त करायचं चाक दोन्हीकडे फिरवायला लावणारा सण दुसरीकडे कुठे असेल, मला शंका आहे.

प्रकाश किती हे झालं. तो येतो कुठून, हे मला तर्री पोह्यांच्या ठेल्यावर जास्त पटलं. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन प्लेटचा फोटो काढा, पोहे स्वच्छ येतात, तर्रीचा लाल तवंगही येतो, वाफ मात्र गायब. आता ठेल्याच्या पलीकडच्या बाजूला जा. सूर्य समोर, प्लेटमागे पातेल्याची काळी सावली. लगेच वाफेचा धागा न् धागा उजळतो, चण्यांवर तेलाची एकेक टिकली चमकते. ठेलेवाला मात्र विचारतो, ‘काहून फिरून राहिले भाऊ, थंडे होऊन राहिले ना पोहे!’ त्याचंही खरंच आहे.

रोलच्या काळातली मंडळी मीटरवाचूनही काम भागवत. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), आणि रोल १०० संवेदनशीलतेचा असेल तर शटर साधारण १/१०० सेकंद, झालं. हा हिशेब वस्तूकडे बघतच नाही, तिच्यावर पडणारं ऊन मोजतो. त्यामुळे पांढरा घुमट असो की काळी मारबत, ऊन तेच तर आकडाही तोच. इतकी साधी गोष्ट महागड्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही, हा भाग वेगळा. मारबतीला तसं ऊन मिळेलच असं नाही, दिवस पावसाळ्याचे. आभाळ भरून आलं असेल तर एफ ८, आणि लेन्स पुसायला खिशात कोरडा रुमाल.