घेऊन जा गे मारबत

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला पोचा आलेला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर तो टेबलावर ठेवायचे आणि वक्तृत्व मंडळ भरायचं. नाव वक्तृत्वाचं, पण पहिले दोन महिने आम्ही एकही भाषण केलं नाही. घरी बोलतो त्या बोलीत बोलायचं आणि एकाचं होईपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, एवढाच सरांचा नियम.

मी आठवीत होते. वर्गात 'मले' म्हटलं की मागच्या बाकांवरून हसू यायचं, म्हणून मी बोलणंच टाकलं होतं. मंडळात मोमिनपुऱ्याचा एक मुलगा उर्दूत बोलला. देवलापारकडून वसतिगृहात आलेली मुलगी गोंडीत बोलली. नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलं, हे आम्ही वाचलेलं होतं. त्या लोकांची भाषा मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग माझी पाळी आली तेव्हा 'मले' म्हणायला जीभ अडखळली नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे काळी-पिवळी मारबत बघून आलो होतो. इडापिडा गावाबाहेर न्यायला मिरवणुकीनं काढतात ते मोठे पुतळे म्हणजे मारबत, आणि त्यांच्यासोबत नको त्या गोष्टींचे पुतळे निघतात ते बडगे. पुढच्या शनिवारी सरांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. म्हणाले, "बडगे काढणारे महागाईला हाकलतात, भ्रष्टाचाराला हाकलतात. आपल्या शाळेतून मारबतीनं काय न्यावं, ते लिहा. नाव घालू नका." चिठ्ठ्या डब्यात पडल्या आणि सर एकेक वाचू लागले.

"माझा डबा उघडला की नाक मुरडणं, घेऊन जा गे मारबत."

"तुम्ही लोक घरी मराठी बोलता का, हा प्रश्न, घेऊन जा गे मारबत."

"उभं राहणं, घेऊन जा गे मारबत."

तिसरी माझी होती. कुणाला कळेना. सरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली, काही विचारलं नाही. मीच हात वर केला.

शिष्यवृत्तीचे अर्ज निघाले की वर्गात पुकारा व्हायचा, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." साठ मुलांत आम्ही अकरा. जातीचा दाखला आणला का, उत्पन्नाचा आणला का, सगळी चौकशी सर्वांदेखत. कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही, पद्धतच पडून गेली होती. पण पाचवीपासून दरवर्षी ती पाच-सात मिनिटं मी बाकाच्या कडेला नख घासत काढायची. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेली होती आणि ते सांगताना तिची मान ताठ व्हायची. तिची नात वर्गात मान खाली घालून उभी राहते, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

महालातली एक मुलगी माझ्याच बाकावर बसायची. ती म्हणाली, "मी कधी उभी राहिलेच नाही गं. मला वाटायचं, फॉर्मचं काहीतरी असेल." इतकी वर्षं कोपराला कोपर लावून बसलो होतो आम्ही. मला वाटतं, मंडळाचं खरं काम त्या वाक्यात झालं.

अर्ज लिहायला तीन शनिवार लागले. पहिला मसुदा नुसता रागाचा होता. सरांनी तो फाडला नाही. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीची संविधानाची उद्देशिका काढायला लावली आणि म्हणाले, यातलं काय मोडतंय ते शोधा. 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे शब्द मोमिनपुऱ्याच्या मुलानं शोधले. रोज डोळ्यांसमोर असलेलं ते पान आम्ही पहिल्यांदा कामाला लावलं. कोणाचंही नाव न घेता, काय बदलावं तेवढंच लिहिलं. जायचं चौघांनी ठरलं, पण सरांनी बाकीच्या तिघांना बजावलं, "बोलेल ती. तुम्ही शेजारी उभे राहा."

मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुला शिष्यवृत्तीची लाज वाटते का?"

"नाही बाई, ते हक्काचे पैसे आहेत. असं उभं केलेलं मले आवडत नाही."

'मले' निघून गेलं, आणि कुणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यापासून यादी ऑफिसात गेली. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावू लागले. जेवणाच्या डब्याची चिठ्ठी मात्र सुटली नाही. आम्ही दहावीला गेलो तरी काही मुलं वेगळीच बसून जेवायची, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

पाठ केलेल्या भाषणाची बक्षिसं मला पुढे मिळाली, पण ती कुठे कामाला आली नाहीत. गेल्या वर्षी भाड्याचं घर बघायला मुलीला घेऊन गेले. मालकांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही नेमके कोणते?" मी म्हटलं, "आम्ही बौद्ध. भाडं वेळेवर देऊ. आणखी काही विचारायचं असेल तर विचारा." आवाज चढला नाही, कापलाही नाही. घर मिळालं नाही. जिना उतरताना मुलीनं विचारलं, त्यांना ते कशाला हवं होतं? मी पायरीवरच बसले आणि आजीपासून सगळं सांगितलं.

शाळेत आता स्पर्धांसाठी मंडळं खूप आहेत असं ऐकते. माझी एकच विनंती आहे. पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी एक वर्ग मोकळा ठेवा. चिठ्ठ्या आणि डबा मी घेऊन येईन.